स्लॅब थांबला, तर आधी ती साय काढा

घर बांधायला काढलेल्या प्रत्येकाला कळकळीची विनंती आहे. पावसाच्या आत स्लॅब उरकायची घाई गावोगाव सुरू झाली आहे, म्हणून ही विनंती आजच करतो.

आमच्या घराचा स्लॅब पडत असताना दुपारी मिक्सर बंद पडला. दुरुस्त होईपर्यंत अंधार झाला. सकाळी कालच्या कडेवर मूठमूठ सिमेंट भुरभुरलं, बादलीभर पाणी मारलं आणि काम पुढे सुरू झालं. मी तिथेच उभा होतो, पण काही विचारलं नाही. पहिल्याच पावसात नेमक्या त्या रेषेत छत ओलं झालं. आज तिथल्या सळया गंजत आहेत.

काँक्रीट ओतल्यावर जड खडी खाली बसते आणि पाणी वर येतं. येताना सिमेंटचे बारीक कण आणि वाळूतली माती घेऊन येतं. त्याचीच पांढुरकी, ठिसूळ साय पृष्ठभागावर धरते. खिळ्याने ओरखडली तरी ती निघते. नवा माल या सायीला चिकटतो, खालच्या खडीपर्यंत पोचतच नाही. मग माल कितीही भारी वापरा, जुन्या-नव्या मालाचा सांधा त्या सायीइतकाच मजबूत राहतो.

गिलाव्याआधी कॉलमला टाचे, म्हणजे छिन्नीच्या खाचा, मारा, असं कुठल्याही गवंड्याला सांगावं लागत नाही. मग ज्या सांध्यावर वरचे मजले उभे राहणार, तिथेच टाचे का नसतात? कॉलमच्या तळाशी वाकून पाहा: लाकडाचा भुसा, माती, बिडीची थोटकं. भूकंपात कॉलमवर जिथे सर्वांत जास्त ताण येतो, त्यांपैकी ही एक जागा. कोयना आणि किल्लारी पाहिलेल्या महाराष्ट्रात हे चालवून घेऊ नका.

सांधा कसा करायचा, याच्या मुख्य गोष्टी आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. सांधा कुठे येणार ते इंजिनिअरने आधी ठरवायचं. काँक्रीट आवळू लागताच तारेच्या ब्रशने साय घासून काढायची. रात्र उलटली असेल, तर छिन्नी-हातोड्याने खडी दिसेपर्यंत खरवडा. धूळ धुऊन काढा. सांधा आतून भिजलेला हवा, पण वर पाणी साचलेलं नको. नवा माल टाकल्यावर व्हायब्रेटर सांध्याजवळ नीट फिरवा. कॉलम किंवा टाकीची भिंत थराथराने भरताना खालचा थर ओला असतानाच वरचा टाका, आणि व्हायब्रेटरची सुई खालच्या थरातही उतरू द्या. स्लॅब थांबवावाच लागला, तर माल उतरता सोडू नका. फळी लावून कड उभी ठेवा.

कोरड्या सिमेंटने सांधा जुळत नाही. स्लरी किंवा बाँडिंगचं रसायन खरवडलेल्या पृष्ठभागावरच लावायचं, आणि तेही वाळण्याआधी माल पडला पाहिजे. वाळलेली स्लरी म्हणजे दोन थरांत घातलेला पडदाच.

ठेकेदारदादा, मिस्त्री, या कामाला फार वेळ लागत नाही. घरमालकांनो, स्लॅबच्या दिवशी जेवणाची व्यवस्था दुसऱ्या कुणावर सोपवा आणि तुम्ही वर चढा. तारेचा ब्रश आणि छिन्नी आदल्या दिवशीच साइटवर आणून ठेवा. सांध्यात खडी उघडी पडलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पहिलं घमेलं ओतू देऊ नका.