‘ज्ञानकोशकार’ या उपाधीआड

श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या नावामागे ‘ज्ञानकोशकार’ ही उपाधी लागली आणि त्यांच्याशी वाद घालण्याची गरज मराठी अभ्यासकांना उरली नाही. पूजकांनी त्यांना तपस्वी ठरविले. विद्यापीठीय पंडितांनी, कोश म्हणजे संकलन आणि संकलन म्हणजे संशोधन नव्हे, असे सांगून त्यांची रवानगी संदर्भग्रंथांच्या कपाटात केली. वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन्ही भूमिकांची सोय मात्र एकच आहे : दोहोंपैकी कोणालाही ज्ञानकोशाचे तेवीस खंड वाचावे लागत नाहीत.

या सोयीमागे एक गृहीतक दडलेले आहे. ज्ञान विद्यापीठात निर्माण होते आणि मग ते सुलभ करून लोकांपर्यंत पोचविले जाते, हे ते गृहीतक होय. २०१० च्या विनियमांपासून तर अध्यापकांच्या विद्वत्तेची गुणांमध्ये मोजदाद सुरू झाली आणि हे गृहीतक प्रशासकीय नियमच बनले. केतकरांची कारकीर्द त्याच्या चौकटीत मावत नाही. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट आणि कलकत्ता विद्यापीठातील अध्यापन मागे टाकून ते मराठी वाचकाकडे वळले, ते संशोधन आटोपले म्हणून नव्हे. १९२० च्या दशकात सिद्ध झालेल्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’त अकारविल्हे नोंदी सुरू होण्यापूर्वी पाच प्रस्तावनाखंड येतात : ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. वर्णानुक्रम सर्व विषयांना एका पातळीवर आणतो. केतकरांनी तसे होऊ देण्याआधीच वाचकाच्या हाती जगाचा एक नकाशा दिला. ही केवळ संपादकीय योजना नाही, तो इतिहासविषयक सिद्धान्त आहे. जगाच्या इतिहासाची विभागणी ख्रिस्ताने नव्हे तर बुद्धाने होते, हे विधान एक ब्राह्मण पंडित त्या काळात करतो. त्याच वेळी वेदविद्येला तो स्वतंत्र खंड देतो. कालाची सीमारेषा बुद्धाकडे आणि विद्येचा उगम वेदांकडे, या मांडणीत जो ताण आहे त्याची चिकित्सा मराठीतील समीक्षाव्यवहाराने किती गांभीर्याने केली? शंभर वर्षे हा काही थोडा अवधी नव्हे.

केतकरांशी वाद कसा घालावा याचा नमुना उपलब्ध आहे, आणि तो ज्ञानकोशाच्याही आधीचा आहे. केतकरांच्या जातिविषयक इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९०९ साली निघाला. सभासदांच्या पोटी जन्मलेल्यांपुरतेच सभासदत्व आणि गटाबाहेरील विवाहास बंदी, ही जातीची दोन लक्षणे त्यांनी त्यात सांगितली. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी केतकरांच्या व्याख्येचे मोल मान्य केले आणि लगेच तिच्यातील दोष दाखविला : ही दोन लक्षणे नव्हेत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत; विवाहबंदी केली की सभासदत्व आपोआपच जन्माने ठरते. आदर आणि खंडन येथे एकाच परिच्छेदात नांदतात. आपल्याकडे आदर गौरवांकात छापला जातो आणि खंडन चहाच्या टेबलावर होते.

केतकरांच्या कादंबऱ्यांच्या बाबतीतही हेच घडले. त्या कलादृष्ट्या ओबडधोबड आहेत, हा अभिप्राय चुकीचा नाही. तो अपुरा आहे. ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०) या कादंबरीत कालिंदीच्या जन्माचा प्रश्न सामाजिक स्थानाचा प्रश्न होतो. सभासदत्व जन्माने ठरते ही १९०९ ची व्याख्या जिवंत माणसांवर येऊन आदळली की काय होते, याचा तो शोध आहे. ज्या प्रश्नाला ग्रंथात व्याख्येने उत्तर मिळाले होते तो येथे पुन्हा उघडा पडतो. दुर्गा भागवतांनी ‘केतकरी कादंबरी’ लिहून या दिशेने जाण्याची वाट दाखविली होती. त्या वाटेवर वर्दळ झाली नाही, कारण कादंबरी एका अभ्यासपत्रिकेत, जातिविचार दुसऱ्या विभागात आणि कोश ग्रंथालयात, अशी वाटणी होऊन गेली होती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लोकांसाठी लिहिणारा विद्वान लोकांच्या पूर्वग्रहांशी तडजोड करतो; केतकरांचा महाराष्ट्र हा बहुतांशी पांढरपेशा वर्गणीदारांचा महाराष्ट्र होता. ज्ञानकोश भागभांडवलाच्या कंपनीने काढला आणि तो घरोघर खपवावा लागला. पण हा आक्षेप सिद्ध करावयाचा तर कोशातील नोंदी तपासल्या पाहिजेत : कोणत्या जातींवर किती लिहिले गेले, माहिती कोणाकडून आली, कोणता शब्द नोंद होण्याच्या योग्यतेचा ठरला. केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात मंडळाचा इतिहास लिहून ठेवला आहे. आजवर तो कष्टांची कहाणी म्हणून वाचला गेला. भांडवल, वर्गणीदार आणि लेखक यांच्या व्यवहारातून ज्ञान कसे आकार घेते याचा तो मराठीतील एक दुर्मिळ दस्तऐवज आहे, आणि या आक्षेपाचा पुरावा शोधावयाचा तर सुरुवात तेथूनच करावी लागेल.