भंगारात देण्याआधी...

मैत्रिणींनो, आमच्या अक्कलकोटात सध्या जिकडेतिकडे जुनी माळवदं पाडून स्लॅबची घरं उभी राहताहेत. स्वामींच्या दर्शनाला येणारी गर्दी वाढली, रस्त्याकडेच्या जागांना भाव आले. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपापासून मातीच्या जाड भिंतींची धास्ती आपल्या भागात कायमच आहे.

आमचंही सासरचं माळवद दोन वर्षांपूर्वी उतरवलं. पाया खणताना एका जागी पोकळ आवाज आला. झालं! गल्लीत कुजबुज सुरू, "गुप्तधन असणार." एकाने तर कुणा 'जाणत्या'ला बोलवायचं सुचवलं. मी ठणकावून नाही म्हटलं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि खरंच सोनंनाणं सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर हक्कही जातो नि शिक्षाही होते.

शेवटी निघालं काय, तर ज्वारी साठवायचं जुनं पेव! आत नुसती काळी माती.

पण माजघराची भिंत पाडताना एक बुजवलेली देवळी फुटली आणि पत्र्याचा डबा खाली आला. त्यात दोन-चार पोस्टकार्डं, चांदीची एकच जोडवी आणि घडी घातलेला एक कागद. सातवी फायनल पास झाल्याचा दाखला. नाव होतं सासूबाईंचं, माहेरचं.

मी मटकन खालीच बसले. सासूबाई पोथी वाचायच्या, एवढंच आम्हाला ठाऊक. त्या काळी सातवी फायनल झालेल्याला मास्तरकी मिळायची! आणि मी, बी.ए. झालेली सून, कितीदा त्यांना म्हटलं असेन, "तुम्हाला नाही कळायचं त्यातलं." त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. देवळी कुणी बुजवली, कशासाठी, हे सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही.

घरातलंच कुणीतरी म्हणालं, "कुजलेला कागद, टाका की रद्दीत." मला वाटतं, खरी चूक इथेच होते. जमिनीची कागदपत्रं आपण कपाटात कुलपात ठेवतो. तांब्या-पितळेची भांडी वजनावर मोडीत जातात. पण बायकांची पत्रं, हिशेबाच्या वह्या, दाखले यांना वालीच नसतो.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून लोकांच्या घरची जुनी दप्तरं मिळवली आणि १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला. पुण्याच्या दिनकर केळकरांनी घराघरांतले अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी जमवली, त्यातूनच राजा केळकर संग्रहालय उभं राहिलं. आपण ज्याला अडगळ म्हणतो, तेच हे!

व्यवहाराचंही बघा. आमच्या बचत गटातल्या एकीच्या मुलीचं जात पडताळणीचं काम अडलं होतं. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला जुन्या ट्रंकेच्या तळाशी सापडला, तेव्हा कुठे मार्ग निघाला. ती ट्रंक आदल्याच दिवाळीत भंगारात जाणार होती.

म्हणून सांगते, घर पाडायच्या आधी एक दिवस फक्त आवरायला ठेवा. कागद भंगारवाल्याला देण्याआधी स्वतः उघडून बघा. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावं लिहा. आणि घरात सासू, आजी, आत्या असतील, तर त्यांना शेजारी बसवून एकेक वस्तू दाखवा. त्या सांगतील ते वहीत उतरवा.

परवा माझ्या मुलीने तो दाखला वाचून विचारलं, "आई, आजी मग शिक्षिका का नाही झाली गं?" मला उत्तर देता आलं नाही. पंधरा वर्षं एका चुलीपाशी वावरलो, पण विचारायचं राहूनच गेलं.

तुमचं राहू देऊ नका.