पाणी नितळ आहे, पण निर्मळ आहे का?

गरम पाण्यात बसण्याचे सुख आपल्या रायगड जिल्ह्याला नवीन नाही. पालीजवळ उन्हेरे येथील कुंडांत आपले आजे-पणजे सांधेदुखी घेऊन जात आणि समाधानाने परत येत. अलीकडच्या काळात मात्र हे सुख घरी आले आहे. कशेळे, कोंदिवडे, कडावपासून चौक, खोपोलीपर्यंत फार्महाऊसेस उभी राहिली. त्यांत पोहण्याच्या तलावाशेजारी फेसाळत्या गरम पाण्याचा टब, म्हणजे ज्याला सारे जण ‘जाकुझी’ म्हणतात, तो आला. आता कर्जत-खोपोलीतल्या काही सधन घरांच्या गच्चीवरही तो दिसू लागला आहे.

हौसेला मोल नसते, आणि तिच्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण टबातले पाणी कसे आहे असे विचारले, की मालकांचे उत्तर ठरलेले असते: ‘डॉक्टर, अगदी तळ दिसतो!’ वाचकहो, आजचा लेख या एका वाक्याविषयी आहे. तळ दिसला म्हणजे पाणी नितळ आहे एवढेच कळते. ते निर्मळ आहे असे मुळीच ठरत नाही. तुरटी फिरवली की गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो, पण जंतू त्यामुळे मरत नाहीत, हे आपल्या आया-बहिणींना ठाऊक असते. टबाच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसेही ते विसरतात.

उन्हेऱ्याच्या कुंडात जमिनीतून नवे पाणी सतत येत असते आणि जुने वाहून जाते. टबात तेच पाणी पंप आणि फिल्टरमधून फिरून परत येते. त्यात पाणी थोडे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल अशा लहान तलावात ६०,००० लिटर पाणी मावते. टबात असते साधारण १,५०० लिटर. पाच माणसे टबात बसली, तर दाटी तलावात २०० माणसे उतरल्यासारखी होते. प्रत्येकाच्या अंगावरचा घाम, तेल, मळ तेवढ्याशा पाण्यात उतरतो. शिवाय पाणी गरम आणि खालून हवेचे फवारे, त्यामुळे क्लोरीन भराभर उडून जातो. जंतूंना आवडणारी ऊब आहे, खाद्य आहे आणि पहारेकरी गैरहजर, अशी ही स्थिती.

याचे परिणाम काय होतात? सोमवार-मंगळवारी दवाखान्यात कोणी पाठीवर, मांड्यांवर, विशेषतः पोहण्याच्या कपड्यांखालच्या भागावर लाल, खाजरे पुरळ घेऊन येतो. रुग्णाला ती ‘उष्णता’ वाटते. मी शनिवार-रविवारचा कार्यक्रम विचारतो. स्यूडोमोनास नावाचा जंतू केसांच्या मुळाशी शिरून हे पुरळ उठवतो. बहुधा ते काही दिवसांत आपोआप जाते. पण लिजिओनेला हा दुसरा जंतू इतका सौम्य नाही. टबाच्या फेसातून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर तो श्वासात जातो आणि न्यूमोनिया करतो. नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल या गावी १९९९ साली फुलांचे प्रदर्शन भरले होते. तेथे विक्रीसाठी मांडलेल्या अशाच एका टबाच्या तुषारांतून तीसहून अधिक माणसे दगावली. त्यांतले कोणी टबात बसायला गेले नव्हते. ती जवळून गेली एवढेच. म्हणून टबात बसल्यानंतर दोन ते चौदा दिवसांत ताप, खोकला, धाप असा त्रास झाला, तर डॉक्टरांना टबाचे आवर्जून सांगा. नेहमीच्या ॲमॉक्सिसिलीनला हा जंतू दाद देत नाही.

मग करायचे काय? मोजायचे. आपल्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टी.सी.एल. पावडर टाकल्यावर ओ.टी. टेस्ट करून पिवळा रंग पाहतो. टबाला यापेक्षा थोडी वेगळी तपासणी लागते, कारण ओ.टी.चा रंग एकूण क्लोरीन दाखवतो, आणि घामाशी बांधला जाऊन निकामी झालेला क्लोरीनही त्यात मोजला जातो. म्हणून मुक्त क्लोरीन आणि पीएच दाखवणाऱ्या पट्ट्या किंवा डी.पी.डी. संच वापरावा. अमेरिकेच्या सी.डी.सी. या सरकारी आरोग्य संस्थेची शिफारस अशी: टबात मुक्त क्लोरीन निदान ३ पीपीएम, पीएच ७ ते ७.८ आणि तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर नाही. पीएचला महत्त्व अशासाठी, की तो ७.५ असताना निम्मा क्लोरीन जोरकस अवस्थेत असतो, ८.५ झाला की जेमतेम दहावा हिस्सा उरतो. मग कितीही पावडर ओता, उपयोग बेताचाच. तलावात टाकायच्या, सायन्युरिक आम्ल असलेल्या क्लोरीनच्या गोळ्या टबात टाकू नयेत. ते आम्ल साचत जाते आणि क्लोरीनला मंद करते.

आणखी एक गैरसमज. ‘वास येतो, म्हणजे औषध भरपूर आहे’ असे म्हणतात. डोळे झोंबवणारा तो उग्र वास क्लोरीन घाम-लघवीशी झगडून थकल्याची खूण आहे. फिल्टर वेळेवर धुणे आणि पाणी बदलणे यालाही पर्याय नाही. ढोबळ हिशेब असा, की एका माणसाच्या एका स्नानामागे ११ लिटर धरावे. १,५०० लिटरच्या टबातून सुमारे १३५ स्नाने झाली, की पाणी बदलावे. वापर घरापुरताच असला, तरी निदान तीन महिन्यांनी बदलावे. एप्रिल-मेमध्ये शेजारच्या वाडीत टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागतात, तेव्हा हे पाणी फेकणे जिवावर येते, हे खरे. त्यावर उपाय म्हणजे टबात उतरण्याआधी प्रत्येकाने साबण लावून अंघोळ करणे. पाणी वाचेल आणि औषधही. जुने पाणी क्लोरीन उडून गेल्यावरच सोडावे, तेही थेट ओढ्यात नव्हे. आपले ओढे शेवटी उल्हास आणि पाताळगंगेलाच मिळतात. टब वापरात नसेल तर रिकामा व कोरडा ठेवावा किंवा घट्ट झाकावा. डेंग्यूच्या डासालाही नितळ साचलेले पाणीच आवडते.

आता माझे खरे म्हणणे. हे सारे करतो कोण? मालक मुंबईत किंवा पुण्यात. टब सांभाळतो जवळच्या वाडीतला एखादा पोरगा. त्याच्या हाती डबा देऊन ‘दोन मुठी टाक’ असे सांगितले जाते. हातमोजे नाहीत, चष्मा नाही, पट्टी नाही. फरशी धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत कालवली, तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पाहुण्यांना पुरळ उठले की बोलणी मात्र तोच खातो. मला हे अन्यायाचे वाटते. एका रात्रीचे हजारो रुपये घेणाऱ्याने चाचणीच्या पट्ट्यांची एक डबी आणि माणसाला शिकवण्याचा एक दिवस यांत काटकसर करू नये.

माझी सूचना साधी आहे. भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक टबाशेजारी एक वही टांगलेली असावी. तारीख, वेळ, क्लोरीन, पीएच, पाणी बदलल्याचा दिवस आणि खाली सही. पाहुण्यांनी टबात पाय घालण्यापूर्वी ती मागावी. वही नसेल तर टबात उतरू नये. ग्रामपंचायतींनीही अधूनमधून ती पाहावी. गावच्या विहिरीला जी शिस्त आहे, ती फार्महाऊसच्या टबाला नको का?

जाता जाता: गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण आणि पाच वर्षांखालील मुले यांनी गरम टबापासून दूर राहावे. मद्य घेऊन कोणीच उतरू नये. इतरांनी पंधरा मिनिटांत बाहेर यावे. आणि पाण्याचा तळ जरूर पाहावा, पण त्याआधी वही पाहावी.