डोळे मिटलेले बहुमत

गेल्या उन्हाळ्यात युवक कार्यकर्त्यांच्या एका निवासी शिबिरात ‘अर्थसंकल्प कसा वाचावा’ या विषयावर दोन व्याख्याने देण्यासाठी मी गेलो होतो. व्याख्यानांतून श्रोत्यांनी काय घेतले ते तेच जाणोत. रात्री जेवणे आटोपल्यावर सतरंजीवर गोल बसून ही मुले जो खेळ खेळत होती, त्याने मात्र मला पुढे कित्येक दिवस अस्वस्थ केले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी तक्रारही केली की, आपल्या शिबिरात खोटे बोलण्याचे शिक्षण कशाला? माझा आक्षेप तो नाही. खेळातले खोटे खेळापुरते असते. लहानपणी आपण सर्वांनीच राजा-राणी-चोर-शिपायाच्या चिठ्ठ्या उचलल्या आहेत आणि चोराची चिठ्ठी हाती आल्यावर निरागस चेहरा करून बसलो आहोत. माझी अस्वस्थता निराळी आहे.

खेळाचे नाव ‘माफिया’. सूत्रधार प्रत्येकाला गुपचूप एक चिठ्ठी देतो. बहुसंख्यांच्या चिठ्ठीवर ‘नागरिक’ असते, दोघा-तिघांच्या चिठ्ठीवर ‘माफिया’. मग सूत्रधार ‘रात्र झाली’ म्हणतो. सारे डोळे मिटतात. त्याच्या सांगण्यावरून फक्त माफिया डोळे उघडतात, एकमेकांना ओळखतात आणि खुणेने एका नागरिकाचा बळी ठरवितात. ‘दिवस उजाडला’ की सर्वांनी चर्चा करून, बहुमताने, ज्याचा संशय येईल त्याला बाद करावयाचे. बाद झालेल्याची चिठ्ठी उलगडली जाते. पुन्हा रात्र, पुन्हा दिवस. सगळे माफिया सापडले तर नागरिक जिंकतात, दोन्ही पक्षांची संख्या समान झाली की माफिया जिंकतात.

आपल्या चिठ्ठ्यांच्या खेळात शिपाई उघड असतो, चोर उरलेल्या दोघांपैकीच एक असतो आणि चुकीची किंमत चार गुणांनी चुकती होते. येथे शोधणारा कोण आणि लपणारा कोण हेच ठाऊक नाही, आणि निकाल बहुमताचा. म्हणून हा खेळ आपल्यासारख्यांनी नीट पाहावा असा आहे.

मी तीन डाव पाहिले. तिन्ही डावांत पहिल्या मतदानात निरपराध नागरिकच बाद झाला. पहिल्यांदा बाद झाली ती खानदेशातून आलेली एक मुलगी. तिच्या बोलण्यात अहिराणीचा हेल होता आणि चार जणांत बोलताना ती अडखळत होती. दुसऱ्या डावात, त्या दिवशी उशिरा पोहोचल्यामुळे कोणाशीच ओळख न झालेला एक मुलगा. तिसऱ्यात, ‘हा गप्प का?’ एवढ्याच आरोपावर एक शेतमजुराचा मुलगा. त्याच डावात शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या एका तरतरीत युवकाने शेवटपर्यंत सर्वांचे नेतृत्व केले, इतरांवर मुद्देसूद आरोप केले, आणि डाव संपल्यावर हसत आपली ‘माफिया’ची चिठ्ठी दाखविली. सारे हसले. मीही हसलो. पण समतेची गाणी म्हणून झाल्यावर अर्ध्या तासात आमच्या मुलांचा संशय नेमका कोणाकडे वळला हे पाहून मला झोप लागली नाही.

घरी आल्यावर सवयीने कागद-पेन्सिल घेतली. दहा खेळाडू, त्यांपैकी दोन माफिया. पहिल्या रात्री एक नागरिक गेला की नऊ उरतात. आता कोणाचीच काही माहिती नाही आणि नागरिक केवळ अंदाजाने मत देतात असे धरा. पहिल्याच मतदानात निरपराध बाद होण्याची शक्यता नवात सात. डाव शेवटपर्यंत मांडत नेला, तर दहात आठ असलेली बाजू शंभर डावांपैकी सुमारे ३० डावच जिंकते. ऐंशी टक्क्यांचे बहुमत, आणि विजय तीस टक्के! हे आठ जण मूर्ख म्हणून हरत नाहीत. दोघांना सर्व ठाऊक असते आणि आठांना काहीच ठाऊक नसते, म्हणून ते हरतात.

या खेळाचा गणिती अभ्यास मार्क ब्रेव्हरमन, ओमिद एतेसामी आणि एल्खानन मोसेल यांनी २००८ साली प्रसिद्ध केला आहे. त्यांचा निष्कर्ष असा की, समूह शंभरपट मोठा झाला तरी तुल्य संधी मिळण्यासाठी माफियांना केवळ दहापट वाढावे लागते. त्यांची संख्या समूहाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढली की पुरे. समूह जितका मोठा, तितके त्याला खेळविणारे प्रमाणाने थोडे. मूठभरांची मक्तेदारी कोट्यवधींच्या देशात कशी चालते, असा प्रश्न अभ्यासवर्गात नेहमी विचारला जातो. त्याचे संपूर्ण उत्तर यात नाही. पण उत्तराचा एक धागा नक्कीच आहे. याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा. नागरिकांत एकच गुप्तहेर असला, म्हणजे रोज रात्री एका खेळाडूची चिठ्ठी खरोखर पाहू शकेल असा एक जण असला, तर सारे चित्रच पालटते. मग समूह शंभरपट वाढला तर माफियांनाही शंभरपट वाढावे लागते. नागरिकांचे वक्तृत्व वाढले नाही, एकजूट वाढली नाही. एका माणसाला खरी माहिती मिळू लागली, एवढेच.

हा खेळ जन्मला कोठे, हेही सांगितले पाहिजे. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ या तरुणाने १९८६-८७ च्या सुमारास तो रचला. वसतिगृहांतून तो पसरला. १९९७ साली अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकन गृहस्थाने माफियांच्या जागी माणसाचे रूप घेणारे लांडगे आणले, आणि २०२० च्या टाळेबंदीत ‘अमंग अस’ या नावाच्या त्याच जातीच्या खेळाने जगभरच्या मुलांना मोबाईलवर एकमेकांचा संशय घ्यायला बसविले. डेव्हिडॉफच्या मनात इतिहास होता असे मी म्हणत नाही. परंतु त्याच शहराने पन्नास वर्षांपूर्वी हा डाव चिठ्ठ्यांशिवाय खेळला होता, हे आपल्याला विसरता येत नाही. १९३४ च्या सतराव्या पक्षकाँग्रेसने निवडलेल्या केंद्रीय समितीच्या १३९ सदस्य व उमेदवार-सदस्यांपैकी ९८ जणांना पुढे अटक करून गोळ्या घालण्यात आल्या. हा आकडा कोणा भांडवलदारी वृत्तपत्राचा नव्हे. १९५६ च्या फेब्रुवारीत ख्रुश्चेव्ह यांनी पक्षाच्याच विसाव्या काँग्रेसपुढे तो सांगितला. शंभरात सत्तर! एवढे ‘माफिया’ खरोखर असते तर त्यांना लपण्याची गरज काय होती? त्यांनी राज्यच केले असते.

बुखारिन हा माझ्या विषयातला माणूस. शेतकऱ्याला चिरडून औद्योगिकीकरण करू नका, असे सांगणारा अर्थशास्त्रज्ञ. १९३८ च्या मार्चमध्ये हेर आणि घातपाती ठरवून त्याला मारण्यात आले. अटकेपूर्वी त्याने भावी पक्षनेत्यांसाठी लिहिलेले पत्र पत्नी अ‍ॅना लारिना हिने पाठ करून ठेवले, कारण कागद घरात ठेवणे धोक्याचे होते. सोव्हिएत न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले ते १९८८ च्या फेब्रुवारीत. खेळात बाद झालेल्याची चिठ्ठी त्याच क्षणी उलगडते. बुखारिनची उलगडायला पन्नास वर्षे लागली.

आपले घराणे यापासून अगदीच अलिप्त होते असे नाही. काँग्रेस समाजवादी पक्षाने १९३६ साली कम्युनिस्टांना दारे उघडली आणि १९४० साली त्यांना बाहेर काढले. मधल्या काळात केरळची शाखा जवळजवळ सबंध त्या पक्षात गेली. तेव्हा लपलेल्या भूमिका नसतातच, असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. भूमिगत चळवळीत तर त्या आपल्याही लोकांनी घेतल्या. माझे म्हणणे एवढेच की, त्यांना ओळखण्याचा मार्ग चेहरे वाचण्याचा नव्हे. आणि हे मी ग्रंथांच्या आधारे सांगत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही प्राध्यापकांनी एक संप केला होता. आमच्या स्थानिक कार्यकारिणीत अकरा जण होतो. आमचे निर्णय जाहीर होण्यापूर्वीच व्यवस्थापनाला कळतात, असे लागोपाठ तीन वेळा लक्षात आले. फुटीर कोण? एक सहकारी अबोल होता, घोषणा देताना त्याचा आवाज चढत नसे आणि प्राचार्यांच्या घरून बाहेर पडताना त्याला कोणी तरी पाहिले होते. रात्री उशिरा झालेल्या सभेत त्याला काढून टाकण्याचा ठराव आला. बाजूने नऊ, विरुद्ध एक. त्या नवांत माझा हात होता. विरुद्धचा एक हात त्याचा स्वतःचा. आपली बाजू मांडताना तो दोन वाक्ये बोलला, आणि ती इतकी साधी होती की आम्हांला ती बनावट वाटली.

पुढे दहा-बारा वर्षांनी कार्यालयातल्या एका निवृत्त होणाऱ्या लिपिकाने चहा पिताना सहज सांगितले की, आमचे ठराव टंकलेखनासाठी महाविद्यालयाच्याच कार्यालयात येत आणि वापरलेला कार्बन कागद टेबलावरच राही. तो उजेडासमोर धरला की सगळे वाचता येई. फुटीर कोणीच नव्हता. खेळात निदान सूत्रधाराने दोन चिठ्ठ्या माफियांच्या वाटलेल्या असतात. आमच्या सभेत एकही नव्हती, आणि तरीही आम्ही एक माणूस शोधून काढला. तो सहकारी निवृत्त होईपर्यंत माझ्याशी सभ्यपणे बोलत असे. कार्बनची हकीकत मी त्याला सांगावयास हवी होती. सांगितली नाही.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण आपल्या देशात आहे. राजस्थानात १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या भरविल्या. तेथेही माणसे गोल करूनच बसत. पण ‘तुला कोणाचा संशय येतो?’ असे कोणी विचारीत नसे. सरकारी कामांचा हजेरीपट मोठ्याने वाचला जाई. कामावर कधी न गेलेल्यांची आणि मेलेल्यांचीही नावे त्यात निघत, आणि ज्याच्या नावावर मजुरी उचलली गेली तो समोर उभा राहून ‘मला मिळाली नाही’ म्हणे. चोर ओळखण्यासाठी कोणाचा चेहरा वाचावा लागला नाही, कागद वाचला की पुरले. ब्यावरच्या १९९६ च्या धरण्यातून वाढत जाऊन २००५ चा माहितीचा अधिकार आला, तो या मजुरांच्या मागणीतून. आपल्या रोजगार हमीच्या कार्यकर्त्यांना हजेरीपटाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. आणि म्हणूनच, २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने त्या अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीची तरतूद ज्या रीतीने बदलली, तिच्याविरुद्ध आपण जितका आवाज उठवावयास हवा होता तितका उठविलेला नाही. हजेरीपटात नावेच तर असतात! निवडणूक रोख्यांचे देणगीदार सहा वर्षे झाकलेले राहिले. २०२४ च्या १५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली तेव्हा कोठे चिठ्ठ्या उघडल्या. त्या सहा वर्षांत आपण सभांतून एकमेकांना ‘तू कोणाचा माणूस?’ हेच विचारीत होतो.

आज एखादा कार्यकर्ता वेगळे मत मांडतो आणि संध्याकाळपर्यंत मोबाईलवरच्या गटात तो ‘त्यांचा माणूस’ ठरतो. गेल्या वर्षभरात माझ्या माहितीतल्या तीन जणांच्या बाबतीत हे घडले. तिघेही नवे होते. दोघे अशा घरांतून आलेले, जिथे पूर्वी कोणी सभेला गेले नव्हते. त्यांच्यावरचा आरोप लेखी कोणी दिला नाही, पुरावा कोणी मागितला नाही, त्यांचे म्हणणे कोणी टिपून घेतले नाही. ते सभेला यायचे थांबले, आणि ‘बघा, मी म्हणालो नव्हतो?’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले.

माझी सूचना लहान आहे. सहकाऱ्याविषयीची तक्रार लेखी, सहीनिशी आणि त्याच्या समक्ष असावी. तशी नसेल तर सभेने ती ऐकूच नये. आणि जिल्हा समित्यांनी आपले जमाखर्च, देणगीदारांच्या नावांसह, दर तीन महिन्यांनी कार्यकर्त्यांपुढे मोठ्याने वाचावेत. शिबिरात मी हे बोललो, तेव्हा खानदेशातल्या त्याच मुलीने हात वर करून विचारले, ‘सर, या शिबिराचा हिशेबही वाचणार का?’ तो अद्याप वाचला गेलेला नाही.