उत्तराला वेळ हवा

भाषणस्वातंत्र्याचा विषय निघाला की जॉन स्टुअर्ट मिलचे नाव निघतेच. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात त्याने दाखविले, की दडपलेले मत कदाचित खरे असेल, कदाचित अंशतः खरे असेल. आणि सर्वस्वी खोटे असले, तरी त्याच्याशी झगडल्यावाचून आपले सत्य निर्जीव होऊन जाते. मात्र एक मर्यादाही त्यानेच घातली. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, असे वर्तमानपत्रात खुशाल छापावे. पण व्यापाऱ्याच्या दारात खवळलेल्या जमावापुढे तेच बोलणारा शिक्षेस पात्र ठरू शकतो.

आम्हा खानवेलकरांना हा भेद पुस्तकी वाटत नाही. शेजारच्या पालघरने दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या एका तरुणीला, व तो मजकूर ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही, अटक झाली. वास्तविक त्या मजकुराला कुणालाही उत्तर देता आले असते. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले. चर्चा आणि मतप्रचार निराळे, चिथावणी निराळी, हे त्या निकालात स्पष्ट केले आहे.

उलट १६ एप्रिल २०२० च्या रात्री आमच्या सीमेलगतच्या गडचिंचले गावी दोन साधू व त्यांचा चालक यांना जमावाने ठार मारले. टाळेबंदीचे दिवस होते. चोर आले आहेत, मुले पळविणारे फिरताहेत, अशा अफवा त्या भागात पसरल्या होत्या. तिथे खुलाशाला सवडच मिळाली नाही.

मिलच्या काळी छापखाना एकीकडे आणि जमाव दुसरीकडे असे. आज दोन्ही एकाच फोनमध्ये नांदतात. यावर नेटच बंद करावे, असे काहीजण सुचवितात. मला ते पटत नाही. कारण नेट बंद झाले की अफवेचा खुलासाही अडतो. माझी कसोटी साधी आहे : या शब्दांना उत्तर द्यायला वेळ आहे काय? असेल, तर ते कितीही झोंबोत, बोलू द्यावेत. वेळ नसेल आणि कुणाच्या जिवावर बेतत असेल, तर कायद्याने जरूर आडवे यावे.

परंतु कायदा पाड्यावर पोचेपर्यंत निरोप दहा पाडे फिरून आलेला असतो. तो फिरविणारे आपणच. तेव्हा मित्रहो, असा निरोप आलाच, तर तो पुढे धाडण्यापूर्वी पोलीस ठाण्याला एक फोन करा.