ऑक्सफर्डची शिवण

डिझायनर ऑक्सफर्ड बूट घालून येणाऱ्या पगारदार बांधवांना आम्ही नावे ठेवणार नाही. पगारवाढ आपण भांडूनच मिळवली आहे. पण तळव्यावरचे नाव वाचताना शिवणही पाहावी. ऑक्सफर्डमध्ये नाडीची पाने पुढच्या कातड्याखाली शिवतात. सुई चुकली की भोक कायमचे, कातडे वाया. तामिळनाडूत अंबूर-वाणियंबाडीच्या निर्यात कारखान्यांत शिवणकाम बहुतांशी स्त्रियाच करतात. हातशिलाईच्या बुटांचे अप्पर तर घरोघरी वाटले जातात, जोडीमागे मोजक्या रुपयांवर. तिथे ना हजेरीपुस्तक, ना भविष्यनिर्वाह निधी, आणि मालक कोण हेही त्या बाईला ठाऊक नसते. घरी बसून काम करणाऱ्या कामगारांविषयीचा आयएलओचा १९९६ चा करार क्रमांक १७७ भारताने अद्याप मान्य केलेला नाही. मागणीपत्रात तो वरच्या क्रमांकावर हवा, असा आमचा आग्रह आहे.