फेव्हिकॉल जरा उशिरा द्या

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरात झाला. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले, पण चित्रकलेचे रीतसर धडे त्यांनी १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्याच कलाशाळेत गिरवले. दोघेही पुढे मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. गायतोंडेंचं प्रदर्शन २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भरलं. रझांचा ‘बिंदू’ चित्रकलेशी फारसा संबंध नसलेल्यांनाही ओळखू येऊ लागला. आमच्या मौदा गावाहून नागपूर सुमारे ३५ किलोमीटर, म्हणजे ही दोन्ही माणसं तशी शेजारचीच. तरीही ‘प्रसिद्ध चित्रकारांपासून प्रेरणा घेऊन कोलाज’ असा तास शाळेत किंवा उन्हाळी शिबिरात निघाला, की पोरांसमोर हमखास येते ती व्हॅन गॉगची तारांकित रात्र. मोबाइलवरून काढलेली बाह्यरेषेची प्रिंट, त्यात भरायला निळ्या घोटीव कागदाचे कपटे, आणि फेव्हिकॉलची बाटली. तासाभरात वर्गात जेवढी मुलं, तेवढ्या एकसारख्या रात्री तयार होतात. पालकांचं स्टेटस सजतं, शिबिरवाल्यांची जाहिरात होते.

व्हॅन गॉगशी भांडण असायचं कारण नाही. भांडण आहे ते बाह्यरेषेशी. कुठे काय असेल, किती मोठं असेल, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग बसेल, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. मुलाच्या वाट्याला उरतं ते चिकटवणं. हे काम वाईट नाही, बोटांना वळण लागतं. पण त्याला चित्रकाराची प्रेरणा म्हणणं जरा जास्तच झालं.

आंरी मातीसची गोष्ट इथे उपयोगी पडते. १९४१ मध्ये कर्करोगावरच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याचं उभं राहणंच अवघड झालं. तेव्हा त्यानं हाती कात्री घेतली. मदतनीस कागदाचे ताव रंगवून ठेवत, मातीस त्यातून आधी काहीही न रेखता थेट आकार कापत असे. खरी गंमत त्यापुढे आहे. कापलेले आकार तो भिंतीवर टाचण्यांनी अडकवायला लावायचा, दिवसचे दिवस पाहायचा आणि हलवायला सांगायचा. पान जरा वर, निळा तुकडा जरा डावीकडे. कायमचं चिकटवणं सगळ्यात शेवटी. १९५३ ची त्याची ‘गोगलगाय’ आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. जवळजवळ तीन मीटर लांब-रुंद असलेल्या त्या चित्रात गोगलगाय शोधावीच लागते, कारण आहेत ते नुसते रंगीत तुकडे, वळसा घालत मांडलेले.

कोलाजमधली शिकण्याजोगी गोष्ट नेमकी हीच आहे. पेन्सिलीची रेघ चुकली की मूल खोडरबर शोधतं. ब्रश चुकला तर कागद वाया जातो. कागदाचा तुकडा मात्र कितीही वेळा सरकवता येतो, फिरवता येतो, काढून ठेवता येतो. निर्णय बदलायची एवढी मोकळीक चित्रकलेच्या दुसऱ्या कुठल्या प्रकारात क्वचितच मिळते. आणि पहिल्याच मिनिटाला फेव्हिकॉल हातात देऊन आपण ती मोकळीक काढून घेतो.

म्हणून शिकवणाऱ्यानं करायची पहिली गोष्ट साधी आहे: तासातला निम्मा वेळ बाटली टेबलाच्या खणात ठेवावी.

आता रझांकडे येऊ. लहानपणी ककैयाच्या प्राथमिक शाळेत हा मुलगा भलताच चंचल होता. मास्तरांनी, नंदलाल झारिया त्यांचं नाव, भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. ही आठवण रझांनी पुढे अनेकदा सांगितली. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले, तिथेच दीर्घकाळ राहिले आणि उतारवयाकडे झुकताना त्या ठिपक्याकडे परत आले. काळं वर्तुळ, त्याभोवती त्रिकोण, चौकोन, पट्टे. काळा, पांढरा, तांबडा, निळा, पिवळा हे पाच रंग. कात्रीनं कापता येईल इतकी स्वच्छ ही भाषा आहे. पाचवी-सहावीच्या वर्गात प्रत्येकाला एक कोरा कार्डशीट आणि वाटीच्या मापानं कापलेलं एकच काळं वर्तुळ द्यावं. बाकी काही नाही. ते कुठे ठेवायचं, एवढंच विचारावं.

बहुतेक मुलं ते मधोमध ठेवतील. मग तेच वर्तुळ खालच्या कोपऱ्यात सरकवायला सांगावं आणि काय झालं ते विचारावं. कोणी म्हणेल पडलं, कोणी म्हणेल लपलं, एखादं पोट्टं म्हणेल चेंडू गटारात गेला. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. त्यानंतर एक तांबडा त्रिकोण द्यावा. टोक वर केलं तर एक, खाली केलं तर वेगळंच. वीस मिनिटांत रचना म्हणजे काय, हे मुलांच्या हाताला कळलेलं असतं आणि फळ्यावर ‘समतोल’, ‘लय’ असले शब्द लिहावे लागत नाहीत. रझांचं छापील चित्र दाखवायचं ते यानंतर. आधी दाखवलं की वर्ग त्याची नक्कल करायला बसतो.

गायतोंडे मुलांना अवघड जातील, अशी शंका कोणी काढील. त्यांच्या चित्रात झाड नाही, घर नाही, माणूस नाही. पण त्यांची रीत मुलांच्या अगदी ओळखीची आहे. रोलर आणि सुरी यांच्या जोडीला ते वर्तमानपत्रांचे, मासिकांचे फाडलेले तुकडे वापरत. कॅनव्हासवरच्या रंगावर ते ठेवत, दाबत, उचलत. खाली उरे तो ठसा. शाळेला यासाठी लागतात रद्दी, थोडा पोस्टर कलर आणि मळले तरी चालतील असे कपडे. शिवाय चाळीस पोरांत चार कात्र्या असलेल्या वर्गाची मोठी सोय होते, कारण इथे कात्रीचं कामच नाही.

फाडणं हेही एक कसब आहे. एखादं वर्तमानपत्र हातात घेऊन बघा. उभं फाडलं तर कड बऱ्यापैकी सरळ जाते; आडवं फाडलं की वाट सोडते, दातेरी होते, मनाला येईल तिकडे वळते. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू एका दिशेला लागतात, त्याचा हा परिणाम. रंगीत मासिकाचं पान फाडलं तर कडेला पांढरी किनार सुटते, आणि आपल्याकडे ओढलं की पलीकडे ढकललं यावर ती कोणत्या तुकड्याला राहील हे ठरतं. ज्या मुलाला हे उमगलं, त्याला नदीचा काठ करायला कात्री लागत नाही. कन्हानचा काठ तर मौद्याच्या मुलांच्या रोजच्या बघण्यातला.

चिकटवायलाही बाजारात जायची गरज नाही. हा धानाचा मुलूख. शिजलेल्या भाताच्या चार शितांनी पतंग चिकटवणाऱ्या पोरांना खळ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आणि सजावटीचं म्हणाल, तर तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीवर बेगड, रंगीत कागद, घुंगरं चढवताना घराघरांत जे चालतं ते दुसरं काय असतं? शिंगांना सोनेरी बेगड लावायची की तांबडी, झूल कुठवर आणायची, यावर भावंडांत चांगलीच जुंपते. मग नंदी घेऊन दारोदारी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघायचं. इथे कोणी बाह्यरेषा छापून देत नाही.

छापील चित्रावर चिकटवणं मुळातच कमअस्सल, असंही नाही. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोहोचल्या, आणि मग त्यांच्यावर हौसेनं जर, टिकल्या, कापड चढवलं गेलं. देवीचं लुगडं खरं, चेहरा तेवढा छापील. अशी नटवलेली चित्रं आजही संग्रहांत पाहायला मिळतात. प्रसिद्ध चित्रकारावरून केलेलं कोलाज आपल्याकडे शतकभरापूर्वी झालं होतं ते असं. फरक इतकाच, की काठ कोणता आणि टिकली कुठे, हे चिकटवणाऱ्या हातानं ठरवलं होतं.

यावर कलाशिक्षकांचं एक खरं म्हणणं आहे: वेळ कुठाय? आठवी-नववीत रेखाकला परीक्षा येतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन; कोलाजचा पेपर नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात, त्यामुळे पालकांचं लक्ष तिकडे. स्मरणचित्रासाठी बाजार किंवा बसस्टॉप पाठ करून नेण्याची रीत काही आजची नाही. सात गुणांसाठी होणारी ही घोकंपट्टी पाहिली की तारांकित रात्रीची छापील बाह्यरेषा अगदीच निरुपद्रवी वाटू लागते.

दुसरी अडचण याहून मोठी. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत पट शंभराच्या वर असेल, तरच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक. गावोगावच्या लहान शाळांना तो नियम लागूच होत नाही. तिथे गणित शिकवणारे गुरुजीच कागदकाम घेतात, आणि मोबाइलवरची तयार प्रिंट त्यांना सोयीची वाटली तर त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

वेळ मात्र थोडा मोकळा झाला आहे. २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. त्यातले वर्षाकाठी चार शनिवार कोलाजला दिले तरी पुष्कळ. नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी सकाळची बस धरून मौद्यात यावं, दोन शाळा घ्याव्यात, संध्याकाळी परतावं. जाण्यायेण्याचं भाडं जिल्हा परिषदेनं द्यावं. येताना दोघातिघांनी मिळून रझांची आणि गायतोंडेंची काही मोठ्या आकारातली छापील चित्रं आणावीत आणि शाळेतच ठेवून जावीत. मुलं तुकडे मांडत असताना, दर वेळी रचना बदलली की गुरुजींनी मोबाइलवर एक फोटो घ्यावा. पालकसभेच्या दिवशी पूर्ण झालेल्या कोलाजशेजारी त्याच मुलाच्या आधीच्या मोडलेल्या तीन-चार मांडण्याही भिंतीवर लावाव्यात.